बटण दाबू नका

ऑगस्ट 2019 चा महापूर ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीवर, आम्ही कंपनीतले चौघे सर्व्हिसवाले पोचलो. दोन मोटरींपैकी एक जळालेली होती. पुरानं नव्हे, पूर उतरून वीज आल्यावर. आठवडाभर नळाला पाणी नाही, गाव पंपघराबाहेर उभं, आणि वॉटरमननं बटण दाबलं. "साहेब, नुसती घुरघुरली आणि वास सुटला," तो सांगत होता. त्याला दोष द्यायला माझं मन अजून धजत नाही. बुडालेली मोटर वरून दोन दिवसांत वाळते, पण आत वायंडिंगच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांच्या, स्लॉटमध्ये गाळ ओल धरून बसतो. 415 व्होल्ट मिळाले की करंट तिथून थेट बॉडीत उतरतो. मग रिवाइंडिंगशिवाय, म्हणजे नवी तार गुंडाळण्याशिवाय, इलाज नाही, आणि त्या दिवसांत प्रत्येक रिवाइंडरच्या दारात मोटरींची रांग लागलेली.

दुसरी 30 एचपीची. तिला वीज लागली नव्हती, म्हणून ती वाचण्यासारखी होती. सहाही वायरींना खुणेच्या पट्ट्या बांधून त्या सोडवल्या, कव्हरं उघडली, आतला फिरणारा भाग, रोटर, बाहेर काढला. बेअरिंगं धुऊन पुन्हा बसवायचा आग्रह झाला; तो मोडून काढावा लागला. ग्रीसमध्ये शिरलेली रेती निघत नाही, ती रेस, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या फिरतात ती कडी, खाते. वायंडिंग टँकरच्या स्वच्छ पाण्यानं, कमी दाबानं धुतलं, गढूळ निघायचं थांबेपर्यंत. जोराचा जेट मारला तर स्लॉटमधलं इन्सुलेशन उखडतं. कुणी डिझेलचा डबाही आणला होता. डिझेलचा थर आत राहतो आणि पुढे तापवताना पेट घेऊ शकतो.

खरं काम वाळवण्याचं. ओव्हन नव्हता. गावातल्या वेल्डिंगवाल्याचा डीसी सेट आणला, तिन्ही फेज समांतर जोडून एकूण 40 अँपिअर सोडले, म्हणजे प्रत्येक फेजला साधारण 13. तिच्या पूर्ण लोडच्या फेज करंटच्या निम्म्याहून थोडे जास्त. खाली दोन हॅलोजन, वर ताडपत्री, आणि माथ्यावर वाफ जायला भोक. तापमान सावकाश चढवायचं, 90 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन वार्निश फुटतं. दर तासाला करंट बंद करून 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा. पहिल्या काही तासांत आकडा वाढायच्या ऐवजी पडतो. तापलेलं इन्सुलेशन तसंही कमी दाखवतं, शिवाय ओल पसरते. इथेच माणसं हात टेकतात आणि मोटर रिवाइंडिंगला धाडतात. आम्ही रात्रभर बसलो. पहाटे काटा उठला, दुपारनंतर 80 अंशांना 1.5 मेगओहमवर स्थिरावला. दर 10 अंशांना रीडिंग निम्मं होतं, म्हणजे 40 अंशांना ते 24 धरायचं. 5 असलं तरी चालतं.

पॅनेलमधले बुडालेले कॉन्टॅक्टर, रिले, ब्रेकर पुसून वापरायचे नसतात. सगळे नवे घातले, बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, तेवढे घासून ठेवले. केबल तारांमधून पाणी वर ओढते, तिची टोकं कोरडं तांबं दिसेपर्यंत कापली. पंपाच्या दांड्याशी पाणी गळू न देणारी ग्लँड दोरी बदलली, आणि मोटर पंपाला कपलिंगनं जोडायच्या आधी मोटर क्षणभर फिरवून दिशा पाहिली. पहिलं गढूळ पाणी वॉशआउटनं सोडून दिलं. पंचायतीतली पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर ओलीनं निकामी झाली होती. नवी आणून 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो घातली.

माझ्या मनातून जात नाही ती पहिली मोटर. पूर असतानाच आमच्या कंपनीनं बाटलीबंद पाण्याचे ट्रक पाठवले होते. लोकांना ते हवेच होते. पण बुडालेली मोटर चालू करायची नसते हे आमच्या खात्यातला नवशिकाही जाणतो, आणि आमच्यापैकी एकानंही वॉटरमनला फोन केला नाही. ट्रकचं बिल होतं, ते सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजकामावर खर्चायच्या, 2 टक्क्यांत बसतं. कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेली सेवा पैशांत मोजून त्या खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं 2021 मध्ये स्पष्टच केलं. नियम मला पटतो, नाहीतर तासांचे फुगवलेले हिशेब आले असते. पण ज्याचं बिल होत नाही त्याचं कुणाला सुचतही नाही, हे मला पटत नाही.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढू लागलं, तेव्हा पहिल्याच रात्री माहितीतल्या सगळ्या वॉटरमनना आवाजी निरोप पाठवला: मेन बंद करा, फ्यूज काढून घरी न्या, चेनब्लॉक (साखळीची कप्पी) असेल तर मोटर वर घ्या, बुडाली तर आम्ही येईपर्यंत बटण दाबू नका. अर्ध्या तासात शिरोळच्या त्या वॉटरमनचा फोन आला. फ्यूज त्याच्या खिशात होते, संध्याकाळपासूनच.