शिसं गप्प बसलं आणि आर्सेनिक दिसलं

इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर, बीमटाइम (काम करायची ठरलेली वेळ) मिळाला होता, बीएल-१६ वर, म्हणजे मायक्रो एक्सआरएफची बीमलाइन, जिथे बारीक एक्स-रे झोत टाकून सॅम्पलमध्ये कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते बघतात. सॅम्पल होती भाताची मुळं, पश्चिम बंगालमधल्या आर्सेनिकवाल्या शेतातली, आडवे पातळ काप करून कॅप्टॉन या प्लास्टिकच्या टेपवर चिकटवलेली.

तत्त्व सगळ्यांना समजेल असंच आहे. एक्स-रे अणूच्या आतला इलेक्ट्रॉन उडवतो, वरचा खाली येऊन ती जागा भरतो आणि उरलेली ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर पडते, ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली, लोखंडाची ६.४ केईव्ही (एक्स-रेची ऊर्जा मोजायचं एकक), जस्ताची ८.६४. पण आलेखावर आर्सेनिकचं पीक, म्हणजे टोक, १०.५४ ला आणि शिशाचं १०.५५ ला! डिटेक्टरला एवढा फरक कळतच नाही. आमच्या लॅबमधल्या मशीनवर दोन्ही मिळून एकच पीक यायचं, आणि शिसं जास्त असलं की वजाबाकी करून काढलेल्या आर्सेनिकवर माझा तरी भरवसा बसायचा नाही.

सिंक्रोट्रॉनवर मात्र हवी ती ऊर्जा निवडता येते. आर्सेनिकचा तो आतला इलेक्ट्रॉन काढायला ११.८७ लागते, शिशाचं हे पीक उठवायला १३.०४, म्हणून आम्ही मोनोक्रोमेटर, म्हणजे ऊर्जा निवडणारा भाग, १२.५ वर लावला. आर्सेनिक बोलणार, शिसं गप्प. ही युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते.

पहिल्या स्कॅनमध्ये क्रोमियम आणि निकेल दिसलं तेव्हा पोटात गोळाच आला, ही दोन्ही स्टेनलेस स्टीलमध्ये असतात आणि सॅम्पलला स्टीलचा चिमटा वापरला गेला होता. ते सॅम्पल बाजूला काढलं, प्लास्टिकच्या चिमट्याने दुसरं लावलं, हच, म्हणजे बीम येतो ती बंद खोली, तपासून दार बंद केलं, परत बीम.

रात्री दोनला मॅप भरत आला, एकेक ओळ, एकेक ठिपका. लोखंडाचं मुळाच्या कडेने लाल कडं, आणि आर्सेनिकचंही बरोब्बर तिथेच कडं. भाताच्या मुळातून ऑक्सिजन बाहेर झिरपतो, त्यामुळे चिखलात विरघळलेलं लोखंड मुळाभोवती गंजासारखं बसतं आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून राहतं, हे मी वाचलं होतं पण असं समोर बघताना अंगावर काटा आला. झाड स्वतःभोवती गाळणी बांधतं हो!

पण कड्याच्या आत, मधल्या भागात, जिथून पाणी वर चढतं तिथेही फिकट आर्सेनिक होतंच. आता दाण्यांचे काप करायला घेतलेत.