हत्तीच्या पोटावर

"हत्ती कुठे आहे?" मी विचारलं.

"तुम्ही त्याच्या पोटावरच उभे आहात की!" काका हसले.

मी दचकून बाजूला झालो. चपला हातात घेतल्या, उगाचच. जांभा दगड असा तापलेला की दोन पावलांत परत घातल्या.

कशेळीचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. राजापूर तालुक्यात कनकादित्याचं दर्शन घेऊन बरेचजण समुद्राकडे वळतात, तसे आम्हीही वळणार होतो. काकांनी बोट दाखवलं म्हणून इकडे आलो. दिसलं काय, तर सपाट कातळ आणि वाळकं गवत. मग काकांनी पायानेच एक रेघ दाखवली. बोट बुडेल एवढीच खोल. तिच्यामागून चालत गेलो तर सोंड आली, मग पाय, मग पाठ. जवळजवळ १८ मीटर लांब, १३ मीटर उंच हत्ती! आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, कसलेकसले प्राणी कोरलेले.

"लहानपणी यावरनंच गुरं न्यायचो," काका म्हणाले. "रेघा दिसायच्या. पण हत्ती आहे ते कुणाला ठाऊक?"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

२०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक अशी कातळशिल्पांची, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रांची, नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी त्यातलंच. इकडच्या कातळशिल्पांत गेंडेसुद्धा आहेत म्हणे. कोकणात गेंडा! कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे असेल?

आणि एवढं मोठं चित्र, जे जमिनीवरून एका नजरेत मावतच नाही, ते त्याने नेमकं कुणाला दाखवायला काढलं असेल?