तुम्ही विचारलंत म्हणून : अर्जावर ‘व्हिक्टिम’ कोणाला म्हणायचे?

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी स्वयंसेवक म्हणून लोकांना अर्ज लिहून देताना एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : पोलिसांच्या नि कोर्टाच्या कागदांवर जो ‘व्हिक्टिम’ असा उल्लेख येतो तो नेमका कोणाचा, आणि तो खोडून दुसरे काही लिहिता येईल का? वर्तमानपत्रांतले ‘बळी’ आणि ‘पीडित’ वाचून वाचून हा शब्द मेलेल्या नाही तर बिचाऱ्या माणसाचा आहे, अशी अढी मनात बसलेली असते. माझे उत्तर ठाम आहे. कागदावर तो शब्द राहू द्यावा, कारण कायद्याने दिलेले पुष्कळसे हक्क त्यालाच बांधलेले आहेत.

फौजदारी खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. ज्याचे डोके फुटले किंवा घर फोडले गेले, तो त्यात फार तर फिर्यादी किंवा साक्षीदार असे. साक्ष झाली की त्याला कोणी विचारत नसे. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘व्हिक्टिम’ची व्याख्या आली. आरोपीवर ज्या कृत्याचा किंवा कसुरीचा आरोप ठेवला आहे, त्यामुळे जिचे नुकसान झाले किंवा जिला इजा पोहोचली ती व्यक्ती, आणि तिचा पालक किंवा कायदेशीर वारसही. तिच्या जागी १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतून ‘आरोप ठेवला आहे’ ही अट गेली. दोषारोप ठेवले जाईपर्यंत महिनेच्या महिने उलटतात आणि दवाखान्याचा खर्च नेमका त्याच काळात होतो, म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

वारसाचा मुद्दा समजावायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आडगावकडच्या एका बाईंचे यजमान मुंबई-आग्रा महामार्गावर अज्ञात वाहनाच्या धडकेने गेले. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून त्यांनी गुन्ह्याच्या नोंदीची प्रत काढली, घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, व्हिक्टिम तर हे होते. मी कशी होईन?” मी व्याख्येतले वारसाचे वाक्य वाचून दाखवले, त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले, आणि मगच सही केली. अशा धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांच्या अपघातांसाठी १ एप्रिल २०२२ पासूनची केंद्राची योजना आहे. मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात, आणि अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करावा लागतो. वाहन सापडले असेल, तर मात्र दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो.

आरोपी निर्दोष सुटला, त्याला हलक्या गुन्ह्यात दोषी धरले किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली, तर व्हिक्टिमला स्वतः अपील करता येते. शिक्षा कमी झाली एवढ्यासाठी मात्र करता येत नाही, आणि ही उणीव मला खटकते. जामिनाच्या वेळीही त्याचे म्हणणे ऐकावे लागते. उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात उच्च न्यायालयातील ऑनलाइन सुनावणीत मृतांच्या कुटुंबीयांच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि त्यांचे पुरेसे ऐकून न घेताच जामीन मंजूर झाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो रद्द केला, तेव्हा तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर व्हिक्टिमला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट सांगितले.

लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत काही मुली ‘व्हिक्टिम’ऐवजी ‘सर्व्हायव्हर’, म्हणजे त्यातून तरून निघालेली, हा शब्द मागतात. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकात दोन्ही शब्द आहेत. बोलताना त्यांना हवा तोच शब्द मी वापरते, आणि इतरांनीही वापरावा असे मला मनापासून वाटते. अर्जात मात्र कायद्याचाच शब्द लिहिते. या प्रकरणांत मुलीचे नाव उघड करणे हाच गुन्हा असल्यामुळे तर तो अधिकच सांभाळून वापरावा लागतो.

गुन्ह्याच्या नोंदीची प्रत व्हिक्टिमला विनामूल्य मिळते आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत त्याला कळवायचे असते. आरोपीचा ठावठिकाणा लागला नाही किंवा तो कोण हेच कळले नाही, तरीही व्हिक्टिम किंवा त्याच्यावर अवलंबून असणारे लोक भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. जुन्या आग्रा रोडवर, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालयाच्या आवारात ते कार्यालय आहे.