पुठ्ठ्यावरचे डाग

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना त्यांच्या गाडीतून महेश्वरला न्यायचं, हे आम्ही गणपतीतच ठरवलं होतं. गाडी म्हणजे १९९३ची टेम्पो ट्रॅव्हलर. बजाज टेम्पोने १९८७ साली मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून ही गाडी आपल्याकडे आणली, आणि ती बनते आमच्या इंदूरशेजारी, पिथमपूरला. बाबांची सगळी नोकरी पिथमपुरात गेली, म्हणून या गाडीवर त्यांचा जीव. मागच्या सीटा काढून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पलंग, एक बेसिन, शेगडीचा ओटा आणि साठ लिटरची पाण्याची टाकी बसवली. ओंकारेश्वर, पचमढी, एकदा थेट पंढरपूर, सगळं आम्ही तिच्यातच राहून केलं. आई गेल्यावर तीन वर्षं गाडी लोकमान्य नगरातल्या घरासमोर नुसती उभी होती. महिन्यातून एकदा मी चालू करायची, तेवढंच.

बाहेर काढली तर खाली हे एवढं थारोळं. गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी वाकून बघितलं, क्लच हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनमागच्या क्लचच्या कवचाच्या, तळाला बोट लावलं आणि म्हणाले, “दीदी, इंजन उतारना पड़ेगा.” मागचं ऑइल सील, वॉटर पंप, रेडिएटरचा कोअर, आणि इंजिन उतरवलंच आहे तर क्लच प्लेटही. अंदाजे अडतीस हजार. मी होकार देऊनच टाकणार होते.

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्यांनी आधी धुतली का?”

“नाही.”

“मग त्यांना दिसलं काय?”

त्या प्रश्नामुळे पुढचे आठ दिवस मी गाडीखाली होते. तेल जिथून निघतं तिथे ठिबकत नाही. निघाल्यावर ते इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि जो भाग सगळ्यात खाली आणि मागे असेल तिथे थेंब धरतं. आमच्या गाडीत ती जागा म्हणजे क्लच हाउसिंग. त्यामुळे वर कुठेही गळलं तरी आळ मागच्या सीलवर येतो, आणि ते सील बदलायला सगळ्यात जास्त काम लागतं.

पहिला दिवस धुण्यात गेला. डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. अल्टरनेटर आणि स्टार्टरला प्लास्टिक बांधलं. इतक्या वर्षांचा चिकटा निघाल्यावर खालून इंजिनचा खरा रंग दिसला, तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून बघायला आले. गाडी वर घेताना घोड्या लावल्या, चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हा बाबांचा जुना नियम.

संध्याकाळी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली पसरला. त्यावर चारही चाकांच्या जागा, इंजिन आणि गिअरबॉक्स पेन्सिलने आखले. सकाळी पुठ्ठा ओढून काढला तर एक नाही, चार वेगवेगळे डाग. गॅरेजमध्ये या चौघांची मिळून एकच “गळती” झाली होती.

मधला डाग नुसत्या पाण्याचा वाटत होता, बेसिनच्या बरोबर खाली. त्याचा फडशा लवकर पडला. टाकीत जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला, दुसऱ्या दिवशी पुठ्ठा केशरी. टाकीच्या नळाचा जोड सैल होता. टेफ्लॉन टेप लावली, झालं.

पुढचा डाग हिरवट. म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. ते बोटाला किंचित चिकट लागतं आणि गोडसर वास येतो, पण चाखून बघायचं नाही, ते विषारी असतं. गॅरेजवाल्यांनी वॉटर पंप सांगितला होता. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं. टॉर्च लावून बघितलं तर ते भोक कोरडं, आजूबाजूला पांढरी खपलीही नाही. खपली सापडली ती हीटरकडे जाणाऱ्या होस पाइपच्या क्लिपपाशी. ओळखीच्या एकाकडून प्रेशर टेस्टर आणला आणि इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरवर लावला. काटा हळूहळू उतरायला लागला आणि त्याच क्लिपखाली मण्यांसारखे थेंब जमले. गंमत म्हणजे इंजिन तापल्यावर तिथे काहीच दिसत नव्हतं. तापल्यावर रबर फुगून जोड घट्ट बसतो, पहाटेच्या गारव्यात आकसतो आणि मगच ठिबकतो. गॅरेजमध्ये गाडी दुपारी गरमागरम पोचली होती, तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं. होस बदलला, नवी क्लिप लावली. पंप आणि रेडिएटर जागेवरच राहिले.

तिसऱ्या डागाने मात्र माझी झोप उडवली. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जवळजवळ बिनरंगी, टायरच्या आतल्या अंगावर ओल. बाबा म्हणाले, हे दोनपैकी एक असणार, अ‍ॅक्सलचं तेल किंवा ब्रेक ऑइल. त्यांनी स्वयंपाकघरातून काचेची वाटी मागवली, पाणी घेतलं आणि काडीवरून त्या ओलीचा एक थेंब त्यात सोडला. तेल असतं तर वर तरंगून इंद्रधनुष्यासारखी साय धरली असती. थेंब पाण्यात गेला आणि विरघळला. ब्रेक ऑइल. आम्ही दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही. महेश्वरचा आमचा रस्ता महूवरून जाम घाटातून उतरणारा, आणि अडतीस हजारांच्या यादीत ब्रेकचं नावही नव्हतं. हे काम मी घरी केलं नाही. ब्रेकच्या जाणत्या मिस्त्रींकडे ड्रम उघडला तर व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं आणि ब्रेक शू भिजलेले. भिजलेले शू पुसून पुन्हा लावायचे नसतात. दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर आणि शू नवे टाकले, सगळं ब्रेक ऑइल बदलून हवा काढली.

राहिला मोठा काळा डाग, ज्याच्यासाठी इंजिन उतरणार होतं.

आधी हे ठरवायचं होतं की तेल इंजिनचं की गिअरबॉक्सचं, कारण क्लच हाउसिंगमध्ये दोन्हीकडून येऊ शकतं. पांढऱ्या कागदावर थेंब घेतला. काळाकुट्ट आणि पातळ. गिअर ऑइल मधासारखं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. बाबांनी हुंगलं आणि मान हलवली, “इंजिनचंच.” मग डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर. तीन वर्षांत ज्याने ज्याने गाडी चालू करायला मदत केली, त्याने त्याने थोडं थोडं ओतलं होतं. जास्तीचं काढून टाकलं.

मग टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणापासून, खाली क्लच हाउसिंगपर्यंत इंजिनच्या पाठीवर घामोळ्यांची पावडर भुरभुरली आणि इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. मागे डोकं जात नाही, म्हणून फोन आत घालून व्हिडिओ काढला. पांढऱ्या पावडरीवर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघून सरळ खाली उतरत होती, अंगठ्याएवढी रुंद. ती हाउसिंगच्या कडेला जाऊन आत वळत होती. मी तो व्हिडिओ बाबांना चार वेळा दाखवला.

मी लगेच त्या कव्हरचं पॅकिंग आणायला निघाले, तर बाबांनी थांबवलं. “पॅकिंग का सुटलं ते बघ. ब्रीदर काढ.” टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा तो पाइप. पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतच असतो, त्याची वाट म्हणजे हा पाइप. तो बंद झाला की दाब आत कोंडतो आणि जिथे कमकुवत असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मग तुम्ही कितीही नवी सील टाका. आमचा पाइप आतून काळ्या चिखलाने इतका भरला होता की तार घालावी लागली. नवा पाइप लावला, पॅकिंग बदललं, कव्हरचे नट बेताने आवळले. जोरात आवळले तर पॅकिंग चुरगळतं.

मग बाबांच्या सांगण्यावरून एक जुनी चाचणी केली. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उलटं करून नुसतं भोकावर ठेवायचं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर झाकण उडून पडतं. आमचं थरथरलं, पण जागेवर राहिलं. तीसेक वर्षांच्या इंजिनला आणखी काय हवं.

पुन्हा धुतली, पुन्हा पावडर, पुन्हा पुठ्ठा. तीन रात्रींनंतर क्लच हाउसिंगखाली रुपयाच्या नाण्याएवढा एकच डाग होता. या जुन्या मर्सिडीज जातीच्या इंजिनला मागे दोरीचं सील असतं, ते थोडं पाझरतंच. त्याच्यासाठी इंजिन उतरवायचं नाही असं आम्ही ठरवलं. सगळा खर्च नऊ हजारांच्या आत झाला, आणि त्यातला बराचसा ब्रेकचा.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी जाम घाट उतरलो. मी दुसऱ्या गिअरमध्ये, बाबा शेजारी, दर वळणाला त्यांचा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक दाबत होता. महेश्वरला घाटाजवळ गाडी लावली, नर्मदेवर दिवे सोडून परत आलो तर बाबा आधीच खाली वाकून टॉर्च मारत होते. तो पुठ्ठा घडी करून पलंगाखाली ठेवला आहे. त्याच्या कोपऱ्यात बाबांनी तारीख घालून पेन्सिलने त्या नाण्याएवढ्या डागाभोवती गोल काढलाय, पुढच्या महिन्यात डाग त्याच्या बाहेर गेला का ते बघायला.