दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या बुलेटला हात घालताना: आधी टाकी, मग कार्बोरेटर

जुनी 346 सीसीची कास्ट आयर्न बुलेट दोन-तीन वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात उभी राहिली की बहुतेक जण पहिला घाव कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर घालतात. कार्बोरेटर उघडतात, धुतात, गाडी सुरू होते आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद पडते. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, अडकलेला कचरा टाकीतून आलेला असतो आणि टाकीला कुणी हातच लावलेला नसतो. म्हणून पेट्रोल ज्या वाटेने खाली उतरतं त्याच वाटेने काम करा. झाकण, टाकी, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), पाइप आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर.

त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. किक मारण्यापूर्वी इंजिन ऑइल बघा. कॉक उघडा राहिला असेल आणि फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई गळत असेल, तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ लागलं किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. प्लग काढून, प्लगची वायर दूर बाजूला ठेवून हळू किक मारा. आत पेट्रोल साचलं असेल तर ते बाहेर पडेल, कनेक्टिंग रॉडवर जोर येणार नाही. दुसरं म्हणजे एअर फिल्टरचा डबा उघडा. बंद गाडीत उंदरांची ही आवडती जागा असते. कुजलेल्या फोमचे तुकडे आणि कापडाच्या चिंध्या तिथेच सापडतात.

आता टाकी. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. काही मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. कॉक नेमका तळातून ओढतो, त्यामुळे कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं. कोकणातल्या हवेत अर्धी रिकामी टाकी हे सगळं फार लवकर करते. बाटलीत तळाशी वेगळा थर दिसला किंवा पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला तर नवं पेट्रोल घालून ते 'पातळ करण्याचा' मोह टाळा.

नव्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीच कळतं. मोजपट्टी असलेल्या नळीत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घाला, हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. 20 टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये तो 10 वरून साधारण 28 मिलीच्या आसपास जातो. हे नमुन्याचं पेट्रोल पुन्हा टाकीत घालायचं नाही.

टाकीत टॉर्च मारून बघा. मात्र बॅटरीचाच टॉर्च वापरा, काडी किंवा लायटर कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टाकीत बसून राहते, त्यामुळे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. याच कारणाने टाकीचं छिद्र बुजवायला घरी गॅस किंवा वेल्डिंग लावायचं नाही.

गंज हलका, तपकिरी भुकटीसारखा असेल तर तो सायट्रिक अॅसिडने निघतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. कॉक काढून भोकाला रबरी बूच घट्ट बसवा. आधी डिटर्जंटच्या गरम पाण्याने टाकी दोनदा धुवा, कारण तेलकट थरावर अॅसिड काम करत नाही. मग लिटरला 60 ते 80 ग्रॅम या हिशेबाने द्रावण करून टाकी गळ्यापर्यंत भरा. बुलेटच्या साधारण 14 लिटरच्या टाकीला एक किलोच्या आसपास लागतं. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. 12 तासांनी बघा, 24 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेरच्या रंगावर आणि क्रोमवर ओघळ आला तर डाग पडतो, म्हणून तोंडाभोवती प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा. झाकण घट्ट बंद करू नका, आत वायू तयार होतो. पोपडे जाड असतील तर आधी मूठभर नट-बोल्ट टाकून टाकी घोळवा. टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. एक नट आत राहिला की पुढे वर्षभर खडखड ऐकत बसावं लागतं.

संडास साफ करायचं अॅसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि जुन्या टाकीचे सांधे आधीच पातळ झालेले असतात.

अॅसिड काढल्यावर लिटरला दोन चमचे खायचा सोडा घातलेलं पाणी फिरवा, मग साध्या पाण्याने धुवा. यानंतरचा अर्धा तास महत्त्वाचा. उघडा पडलेला स्वच्छ पत्रा डोळ्यांसमोर नारिंगी होऊ लागतो. पेट्रोलचा वास पूर्ण गेला असेल तरच ब्लोअरने टाकी कोरडी करा, नाहीतर उन्हात उलटी ठेवा. लगेच अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवा. टाकीला आतून इपॉक्सीचं अस्तर लावण्याच्या मी विरोधात आहे. बारीक छिद्रं असतील तरच त्याचा विचार करावा. गंजावर लावलेलं अस्तर काही काळाने सुटतं, आणि त्याचे पापुद्रे कॉकच्या चाळणीत बसतात.

कॉकची चाळणी फाटलेली असेल तर कॉकच नवा घ्या. आतलं रबर कडक झालं की बंद स्थितीतही पेट्रोल झिरपतं. कॉक बसवल्यावर पाइप बाटलीत सोडून एक मिनिट धार बघा. 200 मिली तरी सलग यायला हवं. मग झाकण लावून पुन्हा बघा. धार हळूहळू मंदावली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर बंद पडणारी आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी बऱ्याचदा याच भोकामुळे त्रास देते. पाइप नवा, इथेनॉल सहन करणारा घ्या. पारदर्शक स्वस्त पाइप काही महिन्यांत पिवळा आणि काचेसारखा कडक होतो. बाहेरून फिल्टर लावायचाच तर जाळीचा लावा. कारचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबासाठी असतो. इथे पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं.

आता कार्बोरेटर. या बुलेटवर बहुतेक वेळा मिककार्ब व्हीएम 24 असतो. वरची रिंग सोडवून स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग), स्प्रिंग आणि सुई बाहेर काढा. सुईचं क्लिप कितव्या खाचेत आहे त्याचा फोटो काढून ठेवा. खालच्या वाटीचे स्क्रू अडकलेले असतात. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर जोराने दाबून धरा, घसरला तर स्क्रूचं डोकं गेलंच. वाटीत लाखेसारखा पिवळट थर आणि हिरवट भुकटी दिसेल.

सगळा त्रास पायलट जेटचा, म्हणजे आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन चालताना) पेट्रोल देणाऱ्या जेटचा असतो. त्याचं भोक साधारण पाव मिलिमीटरचं, उजेडाकडे धरलं तर सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसायला हवा. दिसला नाही तर जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर ठेवा, मग हवा मारा. तरीही बुजलेलं असेल तर विजेच्या वायरमधली एक तांब्याची तार वापरा. स्टीलची पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते जेट कायमचं वाया गेलं. क्लीनर मारण्याआधी रबराच्या रिंगा आणि फ्लोट काढून ठेवा. एअर स्क्रूच्या (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) भोकातून फवारा मारला तर स्लाइडच्या खालच्या बारीक भोकांतून तो निघायला हवा. चष्मा घाला, कारण तो सरळ डोळ्यात येतो.

फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. फ्लोटच्या सुईच्या टोकावर नखाला लागणारी कडा असेल तर ती सुई आणि तिची सीट (ती जिथे टेकते ती जागा) जोडीने बदला. चोकच्या प्लंजरखालचं रबर कडक झालं असेल तर तो पूर्ण बसत नाही, गाडी कायम जास्त पेट्रोल पिते आणि लोक मुख्य जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारं) बदलत बसतात. कार्बोरेटरची इंजिनाला लागणारी सपाट कड, म्हणजे फ्लँज, सपाट काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळल्याने ती दोन टोकांना वाकलेली असते. 400 नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून पाण्यात घासा आणि नवं पॅकिंग टाका. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. एअर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा उघडा. इंजिन दहा मिनिटं गरम करा, मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जिथे आयडलिंग सर्वात वर जातं तिथे ठेवा आणि स्टॉप स्क्रूने (स्लाइड किती खाली यावी ते ठरवणाऱ्या स्क्रूने) आयडलिंग खाली आणा. या कार्बोरेटरवर स्क्रू हवेचा आहे, म्हणून बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. ज्या कार्बोरेटरवर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे बहुधा उलटं.

चोक ओढल्याशिवाय चालत नसेल तर पायलट जेट पुन्हा काढा. आयडलिंगला नीट आणि थ्रॉटल दिला की गुदमरत असेल तर मुख्य जेट किंवा नीडल जेट (ज्यात स्लाइडची सुई उतरते ते) बघा. थ्रॉटल सोडल्यावर फेरे खाली यायला वेळ लागत असेल तर फ्लँजमधून हवा घुसतेय. 100 किलोमीटरनंतर वाटी एकदा उघडा. टाकीच्या सांध्यांतली उरलेली भुकटी तोवर तिथे उतरलेली असते.