आकलन शून्य

चिठ्ठी शाळेच्या लेटरहेडवर होती. ‘विद्यार्थिनी वर्गात लक्ष देत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आकलन शून्य. तपासणी होऊन योग्य तो दाखला मिळावा.’ खाली सही-शिक्का. चिठ्ठीबरोबर बारा वर्षांची मुलगी आणि तिची आजी, दोघी पहाटेच्या एसटीने आलेल्या. आई-वडील सोयाबीन काढायला गेले होते. आमच्या जिल्हा रुग्णालयात बुधवारी दिव्यांग प्रमाणपत्राचं बोर्ड बसतं आणि बुद्धीची तपासणी माझ्याकडे असते.

आजींनी बसता बसता सांगून टाकलं, “मॅडम, डोक्यानं मंद हाय वो पोरगी. मास्तर म्हनले सरटिफिकेट काढा, पगार सुरू हुईल.” पगार म्हणजे दिव्यांगांना मिळणारी सरकारी मदत.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं असणार की ते तिला आपल्या नावासारखंच वाटत असावं. मला या गोष्टीचा फार त्रास होतो. आजींना मी केसपेपर काढायला पाठवलं आणि पेटी उघडली.

आम्ही लहान मुलांसाठी मालिन यांची चाचणी वापरतो, नागपूरला भारतीय मुलांसाठी बेतलेली. तिचे दोन भाग असतात. एकात प्रश्नोत्तरं, दुसऱ्यात हाताने करायची कामं. पहिल्या भागात मुलीची दाणादाण उडाली. सामान्य ज्ञान, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, सगळीकडे खाली मान आणि “नाय म्हाईत.” फक्त तोंडी गणितात तिने पटापट उत्तरं दिली. मग मी ठोकळे काढले. चित्रात दाखवलेली नक्षी ठोकळे जुळवून करायची असते. तिने एक ठोकळा उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, खाली ठेवला, आणि मग हात अडखळलाच नाही. शेवटच्या अवघड नक्षीत एक ठोकळा तिरका पडला होता. मी काही बोलायच्या आत तिने बोटाने तो सरळ केला.

पहिल्या भागाचा बुद्ध्यांक आला ६८, दुसऱ्याचा १०२. नियमाने सरासरी काढली तर ८५. पण चौतीस अंकांचं अंतर असताना ही सरासरी कुणाबद्दल काहीच सांगत नाही.

शाळेच्या पातळीचं वाचन तपासलं. दुसरीचा धडा ती अक्षर-अक्षर लावून वाचत होती. कागदावरचा गुणाकार तिने कोराच ठेवला. तोंडी गणित जमतं आणि कागदावर नाही, हे काय आहे ते मला कळायला हवं होतं. म्हणून पेटी बंद केली आणि विचारलं, “दिवाळीनंतर कुठं असतेस?”

“फडावर.”

आई-वडील ऊसतोडीला जातात. ही पाच-सहा वर्षांची असल्यापासून दरवर्षी बरोबर. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, वाढे म्हणजे उसाचे शेंडे बांधायचे. परत येते तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. वर्गात ती सहावीत आहे, पण फळ्यासमोर बसली ती दरवर्षी जेमतेम निम्मं वर्ष.

“उचल किती घेतली यंदा?” मी विचारलं. उचल म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे.

“लाख.”

“मग ती फिटायला किती टन तोडावा लागंल?”

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “टनाला तीनशे सहासष्ट. शंभर टनाचे छत्तीस हजार सहाशे. दोनशेचे त्र्याहत्तर हजार दोनशे. ऱ्हायले सव्वीस हजार आठशे. त्यात सत्तर टन बसतेत, पंचवीस हजार सहाशे वीस. ऱ्हायले अकराशे ऐंशी. तीन टन आन् थोडं वर.” मग थांबून म्हणाली, “पावनेतीनशे धरायचं. दोन टन दिसाला पडला तर साडेचार म्हयने. पन मुकादम खाडे कापतो, त्ये येगळे.”

घरात हिशोब कोण ठेवतं? तीच. वडिलांना आकडे वाचता येत नाहीत आणि मुकादमाच्या वहीवर भरवसा नाही.

ही चाचणी नव्हती, याचे गुण मला कुठेच लिहिता येत नाहीत. तरी आणखी एक विचारलंच. कोयता, विळा, करवत आणि ऊस, यातलं वेगळं कोणतं? “करवत. फडात तिचं काय काम?” ठरीव उत्तर ऊस, कारण बाकीची अवजारं. मी म्हटलं, “बरं, यातली अवजारं कोणती?” तिने लगेच तिन्ही सांगितली. म्हणजे गट करणं तिला येतच होतं. विचारणाऱ्याच्या मनात कोणता गट आहे, ते ओळखायची सवय नव्हती, आणि ती सवय शाळेत लागते. १९३१-३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून हेच विचारलं होतं. न शिकलेल्या लोकांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला. ओंडकाच नसेल तर करवत काय कामाची? थोडीशी शाळा झालेले लोक मात्र अवजारं वेगळी काढत होते.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धीची पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जास्तीचं शिकवता यावं म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते या समजुतीवर ते चिडत. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली त्याच चाचणीची पुढची आवृत्ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ते करताना त्यांना प्रश्न बदलावे लागले, कारण तिकडच्या मुलाला जे रोज दिसतं ते इथल्या मुलाने पाहिलेलंच नसतं. मी हे शिकावू मुलामुलींना पुन्हा पुन्हा सांगते. आकडा चाचणीतून निघतो, पण तो कशामुळे आला हे शोधायला मूल कुठून आलं ते विचारावं लागतं.

आजी परत आल्या तेव्हा त्यांना मी सांगितलं की दाखला मिळणार नाही. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक सत्तरच्या खाली लागतो आणि रोजच्या जगण्यातली कामंही वयाच्या मानाने न जमणारी असावी लागतात. हिच्याबाबत दोन्ही नाही. अध्ययन अक्षमतेचाही दाखला देता येत नाही, कारण पुरेशी शाळाच झालेली नसताना वाचता येत नाही याला अक्षमता म्हणता येत नाही.

“म्हंजी पोरगी शहानी हाय?” आजींनी विचारलं.

“हुशार आहे, आजी. तुमच्या घराचा हिशोब तीच करते ना?”

“त्ये करती. पर त्ये काय डोकं झालं व्हय?”

मी शांतपणे, तीन-चार वेळा सांगितलं की हो, तेच डोकं. आजींना पटलं नसावं. त्यांचा एक दिवस गेला होता, एसटीचे पैसे गेले होते, आणि पगाराची आशाही गेली होती. त्यांचा राग मला समजत होता.

शाळेला मी दाखल्याऐवजी पत्र लिहिलं. वाचन दुसरीच्या पातळीपासून सुरू करा, गणित आधी तोंडी घ्या आणि मग कागदावर न्या, पुढे बसवा, आणि ‘आकलन शून्य’ हा शेरा दप्तरातून काढा. नजर आणि कान तपासायला दोघींना त्याच इमारतीत पाठवलं. मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांच्या शाळेत हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच राहता यावं म्हणून केलेली सोय, मंजूर होतं, यादी अजून जायची होती. मुलीचं नाव घालतो म्हणाले.

अडचण आजींनीच दाखवली. धाकटा चार वर्षांचा आहे. ही मागे राहिली तर फडावर त्याच्याकडे कोण बघणार? मी म्हटलं, त्याला तुमच्याजवळ ठेवा, अंगणवाडीत घाला. त्या म्हणाल्या, “ल्येकाला इचारते.” मुलीने तेवढ्यात पत्राची घडी माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत आजीच्या गोळ्यांच्या पाकिटाखाली सरकवली. अंगणवाडीच्या ताईंचा नंबर मी मागून घेतला आहे. दसऱ्याच्या आत लावायचा आहे, कारण त्यानंतर टोळ्या निघतात.