साडेतीन बोटं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी टाळतच आले. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या पोराचा नंबर मेडिकलला लागला की आईवडील त्याला घेऊन घरी येतात. पेढ्यांचा पुडा पुढं ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्हाला अ‍ॅनाटॉमीत डिस्टिंक्शन होतं म्हणे. एवढं पाठ कसं केलंत?" हाड हातात घेऊन वाच, रोजचं रोज वाच, असं काहीबाही सांगून मी चहा टाकायला उठते. परवा एक काकू जिना उतरताना म्हणाल्याच, "सांगायचं नसतं यांना." तसं नाही हो. सांगायचं आहे, पण मग सगळंच सांगावं लागतं.

पाठ कसं केलं ते अगोदर. २००९ सालची गोष्ट. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, आतल्या खोलीत मी. तिच्या अंगाला तंबाखूचा वास, माझ्या केसांना मृतदेह टिकवायच्या फॉर्मॅलिनचा. प्रत्येक स्नायूच्या चार गोष्टी असतात: कुठून निघतो, कुठं जाऊन चिकटतो, त्याला कुठली नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, जाते आणि तो करतो काय. त्या चार गोष्टी मी आंघोळीला जाताना, रिक्षात, जेवताना म्हणत असे. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं, भिंतीवर खडूनं काढला होता. मानेतून निघणारी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटी हातात उतरणाऱ्या पाच मोठ्या नर्व्ह. नाना यंत्रमागावर होते. पाळी संपवून आले की त्या चित्रासमोर उभे राहायचे. एकदा म्हणाले, "कापडात खोट कुठं आलीय ते बघून ताण्यातला कुठला धागा तुटला ते कळतं. तसंच का गं हे?" अगदी तसंच होतं. मी नुसतं "हो" म्हणून पान उलटलं.

मीडियन नर्व्हसाठी मी स्वतःची खूण केली होती. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं (त्यातलं तुळजापूर तर आमच्या शेजारचंच), तशी साडेतीन बोटं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांचा स्पर्श मीडियन नर्व्ह वाहून नेते. अनामिकेचा उरलेला अर्धा भाग आणि करंगळी अल्नर नर्व्हकडं. एकाच बोटाच्या मधून बांध घालून दोन भावांनी शेत वाटून घ्यावं तसं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे एका दमात म्हटलं, आणि परीक्षक "व्हेरी गुड" म्हणाले.

हाडांच्या बाबतीत मात्र मला अम्माची मदत झाली, हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. सीनियरकडून घेतलेल्या बोन सेटमधला हात एकदा ओवणीतून सुटला. मनगटाची आठ बारकी हाडं चटईभर पसरली. हाडांचा डबा देवाच्या फळीपासून लांब ठेव म्हणणारी अम्मा उठून आली आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाचा हात आहे, असा सुटा टाकू नये." विडीचा दोरा घेऊन बसली. मी नावं घ्यायची, ती ओवायची: स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, खालची ओळ ट्रपीझियम, ट्रपीझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. हाडांमधल्या छिद्रांतून दोरा काढून तिनं जी गाठ मारली, ती डोळ्यांना धड दिसतही नव्हती. हजारो विड्या बांधलेली बोटं होती ती. पहिल्या सहामाहीतली गोष्ट. ती गाठ अजून आहे.

आता मुख्य ते.

परीक्षेला पंधरा दिवस होते. रात्रीचे दोन-अडीच झाले असतील. हात म्हणजे अप्पर लिंब केव्हाच संपला होता, मी मेंदू आणि मज्जारज्जूवर होते. स्पर्श वर कसा चढतो ते वाचत होते: हलका स्पर्श मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूनं सरळ वर जातो आणि मेंदूच्या तळाशी, मेडुलात, बाजू बदलतो, वेदना आणि गरम-गार मात्र मज्जारज्जूतच पलीकडं जातं. अम्मा बाहेर उठून उजवा हात झटकत होती. हे रोजचंच होतं. रात्री दोनदा-तीनदा उठायची, थर्मामीटर झटकावा तसा हात झटकायची आणि पुन्हा आडवी व्हायची. "तिम्मिरी," म्हणायची. आमच्या घरच्या तेलुगूत मुंग्या येऊन बधिर होण्याला तिम्मिरी म्हणतात. माझ्या पुस्तकात त्याला पॅरेस्थेशिया म्हणत.

त्या रात्री ती झोपली नाही. दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकात बघ की जरा. ही तीन बोटं आणि ह्याचं अर्धं, मेल्यासारखं होतं. करंगळी बरी आहे. तळवा पण बरा आहे." आणि तिनं डाव्या हाताच्या नखानं अनामिकेवर मधोमध वरून खाली रेघ ओढून दाखवली.

मी हसले. "अम्मा, अर्धं बोट कधी बधिर होतं का?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही तिला हेच ऐकवलं होतं, वर "मनाला लावून घेऊ नका" म्हणून सांगितलं होतं. ती ओशाळली. मी टेबलावरची बी-कॉम्प्लेक्सची पट्टी तिला दिली आणि म्हणाले की आजार पुढच्या वर्षांना असतात, आम्हाला अजून शिकवलेले नाहीत. ती "बरं" म्हणाली. जाताना माझ्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं, मला आवाज होऊ नये म्हणून.

तिनं जे सांगितलं त्यातलं एक वाक्य वाया नव्हतं. मनगटात एक बोगदा असतो. खाली त्या आठ हाडांची कमान, वर एक जाड पट्टा, आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एकटी मीडियन नर्व्ह जाते. आत सूज आली की पट्टा हलत नाही, हाडं हलत नाहीत, चिरडते ती नर्व्ह. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं, म्हणून त्रास रात्री. करंगळीची नर्व्ह बोगद्याच्या बाहेरून जाते, म्हणून करंगळी बरी. तळव्याची फांदी पट्ट्याच्या वरून जाते, म्हणून तळवा बरा. मला हे सगळं येत होतं. व्हायव्हात विचारलं असतं तर तळव्याची फांदीही मी सांगितली असती.

माझी बाजूही ऐका. मी अठरा वर्षांची होते. पहिल्या वर्षी आम्हाला पेशंट दाखवतच नसत. आमच्यापुढचा हात करड्या रंगाचा होता, आणि ज्याचा होता तो काही सांगू शकत नव्हता. १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानं बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळतात. आमच्या टेबलावरचा माणूस तसाच आला होता. त्याच्याकडून मी जे शिकले ते सगळं खालच्या मानेनं, न बोलता शिकले. दुखणारा हात कसा बोलतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. २०१९ पासून अभ्यासक्रम बदलला आणि आता पहिल्याच वर्षी मुलांना पेशंटपाशी नेतात. त्याचं मला मनापासून बरं वाटतं.

पण मी अभ्यासक्रमाच्या मागं लपते आहे, हेही मला कळतं. हसायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तेच वाक्य एखाद्या मास्तरीणबाईंनी ओपीडीत म्हटलं असतं, तर मी वहीत उतरून घेतलं असतं. अम्मा तेलुगूत बोलली, पदराला तंबाखू लागलेली होती, आणि तिला काही कळत असेल असं मला वाटलंच नाही. याला अठरा वर्षांचं वय पुरत नाही.

निकाल लागला. समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला कसे गेले ते पाहुण्यांनी सांगितलं, आणि मला त्यांच्याच गावची लेक म्हटलं. गळ्यात हार घालून मी स्टेजवर बसले होते. अम्मा मागच्या रांगेत होती, टाळ्या थांबल्या की हात झटकत होती. हे मी पाहिलं होतं. आठवतंय म्हणजे पाहिलंच होतं.

पुढं अडीच वर्षं गेली. कळलं ते काही माझ्या हुशारीनं नाही. कारखान्यात अम्माच्या विड्यांची छाट वाढली. सैल वळल्या जात होत्या, गाठी सुटत होत्या. नाना चिडले. तेव्हा माझी ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या विभागातली, पोस्टिंग चालू होती, आणि त्या आठवड्यात मी चार अनोळखी हात तपासले होते. मी तिला म्हटलं, हात उताणा ठेव. दिवा लावला. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा जो उंचवटा असतो तो डाव्या हाताला होता, उजव्याला तिथं खळगा होता. "अंगठा वर छताकडं उचल, मी दाबते, तू दाबू देऊ नकोस." माझ्या एका बोटानं तो खाली गेला. मग दोन्ही मनगटं दुमडून धरायला लावली. मिनिटभर धरायची असतात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, काटा वीसवर आला आणि ती म्हणाली, "तिम्मिरी."

तिनं मग स्वतःहून अनामिकेवर रेघ ओढून दाखवली. "तू म्हणालीस अर्धं होत नसतं, म्हणून नंतर सांगितलं नाही."

तपासण्या झाल्या, थायरॉइडही कमी निघाला. त्यामुळं विड्यांनीच झालं असं मी ठासून सांगणार नाही. दोन्हींनी मिळून झालं असेल. जागेवर भूल देऊन पट्टा कापला. सर्जन सरांनी मला टेबलाजवळ उभं राहू दिलं. पट्ट्याखालची नर्व्ह चपटी झाली होती. त्याच आठवड्यात रात्रीचं उठणं थांबलं. मुंग्या गेल्या, बोटांना स्पर्श बराचसा आला. अंगठ्याचं मांस आलं नाही. नर्व्ह दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते, हेही मला पाठ होतं. पण तिची वाट बघत स्नायू फार काळ थांबत नाही, तो आक्रसून जातो. ब्लाउजचे हूक ती आता डाव्या हातानं लावते. विड्या सुटल्या. त्यांचं तिला वाईट वाटत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही त्याचं वाटतं.

माझी वर्गमैत्रीण म्हणते, पाठ होतं म्हणूनच तर त्या रात्री दिव्याखाली तू ओळखलंस, पाठ नसतं तर अजून दोन वर्षं गेली असती. खरं आहे. तेच माझ्या डोक्यात उलटही फिरतं: इतकं पक्कं पाठ नसतं, तर कदाचित मी तिला बस म्हटलं असतं, हात हातात घेतला असता, पुस्तक उघडून शोधलं असतं. न येणारा माणूस निदान विचारतो तरी. मग वाटतं, हेही मी आज सोयीचं म्हणते आहे. आळशी पोरीनं पट्टीच दिली असती. अम्माला विचारलं तर ती म्हणते, "तेव्हा तुझी परीक्षा होती." एवढंच. तिनं असं म्हटलं की मला बोलता येत नाही.

त्या काकूंचा मुलगा काल एकटाच आला होता. माझा बोन सेट मी त्याला दिला. अम्मा बाहेर येऊन बसली. हाताची ओवणी त्यानं उचलून पाहिली आणि म्हणाला, "ताई, दोरा जुना झालाय, नायलॉनचा घालू का?" मी नको म्हटलं. मग त्यानं पुन्हा विचारलं, हे पाठ कसं करायचं. काय सांगणार? मी स्कॅफॉइडपासून सुरुवात केली. माझ्या मागून अम्मा पुटपुटत होती. पिसिफॉर्मपर्यंत तिला बरोबर येतं.